आजोबांची ६८ सालची फियाट डिलाईट, चिपळूणच्या पुरात बुडालेली. ओरिजिनल करू की कस्टम? आणि सुरुवात नक्की कुठून?

डिलाईटचा_नातू

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय इथे, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या आजोबांनी १९६८ साली घेतलेली फियाट ११०० डिलाईट चिपळूणला काकांच्या घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. आजोबा सांगायचे नंबर लावून चार वर्षं वाट बघितली, मग गाडी आल्यावर आळीतल्या निम्म्या लग्नांची वरात तिच्यातून निघाली, आई पण सासरी तिच्यातूनच आली. ९८ ला आजोबा गेले आणि गाडी जी थांबली ती थांबलीच, काकांनी चाकं काढून विटांवर चढवून ठेवली, वर ताडपत्री. तोवर ठीक होतं. मग २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी घरात माणसाच्या डोक्यावरून गेलं, म्हणजे गाडी अख्खी खाली. पाणी उतरल्यावर घरातला गाळ उपसतानाच सगळ्यांची कंबर मोडली, गाडीकडे कोण बघणार, कोणीतरी नळीने वरवर धुतली एवढंच.

आता काका शेड पाडून तिथे खोल्या काढतायत, गणपतीच्या आत गाडी हलव नाहीतर भंगारवाला येऊन बघून गेलाय असं फोनवर सांगितलंय. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला हे ऐकून मला रात्रभर झोप नाही.

मी पुण्यात असतो, काम लॅपटॉपवरचं, हाताने आजवर फार तर बाईकचं ऑईल बदललंय. डोक्यात असं आहे की गाडी जरा खाली बसवायची, झेनचं नाहीतर एस्टीमचं इंजिन, अलॉय, एसी, पुढे बकेट सीट, मॅट ग्रे रंग. बाबा म्हणतात होती तशी कर, फिकट निळी, नाहीतर हात लावू नकोस. बजेट सध्या चार लाख, दोन वर्षांत सहापर्यंत ताणता येईल.

प्रश्न: १) पुरातली गाडी वाचते का? २) पहिलं काय खोलायचं, इंजिन ना? ३) कस्टम की ओरिजिनल? ४) सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम केलं तर चालतं का (चेअरमन आत्ताच वाकडं बघतायत).

---

लेथवाला_उद्यमनगर

भावा, चौथ्याचं उत्तर आधी घे. न्हाई चालत. खोललेली फियाट म्हंजे घरातलं सगळं सामान अंगणात मांडल्यागत असतंय, सोसायटीत चार दिवसात तुझी वरात काढतील.

आता महत्त्वाचं. कोण कितीबी हुशार भेटू दे, "बॅटरी लावून एक सेल्फ मारून बघू" म्हणला की त्याला चहा पाजून घरी पाठव. पुरात बुडलेल्या इंजिनात सिलिंडरमध्ये पाणी गेलंय, पाण्याबरोबर गाळ गेलाय, पिस्टनच्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) धरल्यात. तसल्यात सेल्फ मारला तर रिंग तुटतीया, बोअरला रेघ पडतीया, नाहीतर कनेक्टिंग रॉडच वाकतोय. अर्धी इंजिनं पुरात मरत न्हाईत, पुरानंतर सेल्फ मारणाऱ्यामुळं मरत्यात. २०१९ ला आमच्याकडं पंचगंगेनं जे केलं त्यानंतर दुकानात रांग लागलेली, तवा बघितलंय डोळ्यानं.

तू काय करायचं, चारी प्लग काढ, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑईल निम्मं-निम्मं करून अर्धा कप सोड आणि घरी जा. आठ-दहा दिवस ढुंकून बघू नको. मधी एकदा परत सोड. मग गाडी चौथ्या गिअरला टाकून, चाकं बसवलेली असली तर दोघांनी हळूच मागं-पुढं हलवायची. हललं तर देवाला नारळ, न्हाई हललं तर हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उतरवायला लागतंय.

हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि स्टड लोखंडाचे, इतकी वर्षं ओलीत राहिल्यावर दोन्ही एकमेकाला घट्ट धरून बसत्यात. छिन्नी घालून उचकटायचं न्हाई, फेस खराब झाला की वेल्डिंग-फेसिंगचा खर्च. रोज थोडं गंज सोडवायचं ऑईल, लाकडी हातोड्यानं कडेनं टकटक, सबूर ठेव.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचा नट खोलून ऑईल बाटलीत काढ. दुधाच्या चहागत दिसलं तर पाणी हाय आत. बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडले असतील तर बेअरिंग बदल, दात सहसा वाचत्यात.

बाकी इंजिन म्हणशील तर त्याचं टेन्शन घेऊ नको. ६८ चा बोअर, ७५ चा स्ट्रोक, १०८९ सीसी, साधं पुशरॉडचं इंजिन. रिबोअर, ओव्हरसाईज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे झोपेत करणारी माणसं हाईत. इंजिन काय बी होतंय. पत्र्याचं बघ.

---

पेणकरीण

वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत, आणि "पत्र्याचं बघ" हे त्यांनी शेवटी एका ओळीत लिहिलंय ते खरं पहिलं पाहिजे होतं. मी वडिलांची ७६ ची पद्मिनी (तुझ्या डिलाईटचीच पुढची आवृत्ती) पेणला आमच्या अंगणात केली, तीन पावसाळे गेले, त्यातले अडीच पत्र्यातच गेले.

तुझ्या प्रश्नात "पहिलं काय खोलायचं, इंजिन ना?" हे वाचून हसू आलं कारण मी हेच केलं होतं. इंजिन काढलं, सुंदर करून घेतलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं, आणि मग कार्पेट उचललं तर खाली जमीन दिसली. आमच्या मांजराची जमीन. तोपर्यंत निम्मे पैसे संपलेले.

फियाटला जीपसारखी वेगळी चासी नाहीये. पत्र्याची बॉडी हीच चासी. म्हणजे तळाचा पत्रा आणि दरवाजाखालची पेटी (आमचा मिस्त्री तिला उंबरठा म्हणायचा) कुजली की गाडीचा कणाच गेला, मग वरून रंग कितीही मारा. त्यामुळे चिपळूणला गेल्यावर एक स्क्रू-ड्रायव्हर, एक हातोडी, एक लोहचुंबक आणि टॉर्च एवढंच घेऊन जा. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून बॉडीवरून फिरव, जिथे सुटतो तिथे खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलीय. मग स्क्रू-ड्रायव्हरने टोचत जा: पुढच्या सीटखालचा तळ, दोन्ही उंबरठे, जॅक लावायची जागा, बॅटरीखालचा ट्रे, डिकीत स्टेपनीचा खड्डा, मागच्या लीफ स्प्रिंगचे हँगर जिथे बॉडीला जोडलेत ती जागा, पुढच्या काचेची खालची कड. शेवटच्या दोन जागा कुजलेल्या असतील तर काम मोठं आहे हे समजून चल.

पुरातल्या गाडीचं आणखी एक. पेट्यांच्या आत गाळ जाऊन बसतो आणि तो वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो, बाहेरून पत्रा ठणठणीत दिसतो आणि आतून खात असतो. दरवाज्यांच्या आणि उंबरठ्याच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी कर आणि प्रेशरने पाणी मारून गाळ काढ. हो, परत पाणीच. पण गाळापेक्षा पाणी बरं, त्यानंतर दोन दिवस कडक उन्हात दारं उघडी ठेव.

आणि कापाकापी करायच्या आधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवे-तिरके वेल्ड करून घे. एका वेळी एकच बाजू काप. आमच्या पहिल्या मिस्त्रीने दोन्ही उंबरठे एकदम कापले आणि गाडी मधोमध बसली, नंतर दारं लागेनात. ती चूक निस्तरायला दुसरा मिस्त्री, सात महिने आणि माझे दागिने नाही पण एफडी गेली.

---

फॉर्म_२९_वाले_काका

कुणी कागदांचं बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, नेहमीप्रमाणे कंटाळवाणा माणूस.

बाळा, गाडी कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या. आजोबा ९८ ला गेले. म्हणजे मृत्यूनंतरचं हस्तांतरण, त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती. काका, बाबा, आत्या जे कोणी वारस असतील त्यांच्या सह्या आत्ता घे, गाडीची किंमत भंगाराची आहे तोवर. चकाचक झाल्यावर सह्या मिळायला वेळ लागतो, अनुभवाचे बोल आहेत, जास्त विचारू नका.

आरसी बुक आहे का? असेल तर पुरातून वाचलंय का? खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. तुझी बहुतेक मागे एकदा-दोनदा केली असेल आणि मग लॅप्स. इतकी जुनी गाडी ऑनलाइन वाहन सिस्टीमवर दिसत नाही, आधी आरटीओत जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवणं) करून घ्यावी लागते. ही पहिली पायरी. रजिस्टरच सापडलं नाही तर पुढचं सगळं अवघड, म्हणून एक बोल्ट खोलायच्या आधी हे.

आता कस्टमचा विषय. २०२१ च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खाजगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्याने नोंदवायची असेल तर फी वीस हजार, दहा वर्षांसाठी. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नवीन नोंदणीला व्हीए मालिकेतला नंबर. तुझी ६८ ची बसते त्यात. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल, इंजिन यात मोठे बदल नकोत. म्हणजे तू त्यात एस्टीमचं इंजिन टाकलंस की तो दरवाजा बंद. दुसरी बाजू पण सांगतो, विंटेज नोंदणी केलेली गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल असल्याच कारणांसाठी रस्त्यावर. रोज चालवायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं, पर्यावरण कर भर, तपासणी कर, नवीन प्रकारची नंबर प्लेट लाव आणि चालव.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलंय. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, मग आरसीवर नोंद.

---

अर्धी_कस्टम

मी तो माणूस आहे ज्याने हे केलंय त्यामुळे शिव्या घालायच्या असतील तर मला घाला.

नाशिकला माझ्याकडे ८४ ची पद्मिनी, तिच्यात मारुती जिप्सी किंगचं १३०० चं इंजिन आणि तिचाच पाच गिअरचा बॉक्स. झेन किंवा एस्टीमचं नाही, हे नीट समजून घे. ते इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं, आपली फियाट मागच्या चाकांची, इंजिन उभं. झेनचं इंजिन टाकायचं तर पुढचं सगळं सस्पेन्शन बदलावं लागेल, म्हणजे फियाटच्या टपाखाली झेन. मग झेनच घे ना, स्वस्त पडेल.

जिप्सीचं बसतं पण "बसतं" या शब्दात खूप काही आहे. तळाच्या पत्र्यातला मधला बोगदा कापून मोठा करावा लागला, नवीन माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा) कापून परत बॅलन्स केला (पहिल्यांदा बॅलन्स न करता चालवली, साठला दात वाजायला लागले, गाडीचे नाही माझे), गिअर स्टिअरिंगवरून खाली आणले, रेडिएटर मोठा. आणि एवढं झाल्यावर गाडी पळायला लागली, तेव्हा कळलं की थांबत नाही. चारी चाकांना ड्रम ब्रेक, तेही चाळीस-पंचेचाळीस घोड्यांच्या हिशोबाचे. कसारा घाटात उतरताना एकदा पेडल गेलं आत, हँडब्रेक ओढत कडेला घेतली आणि वीस मिनिटं दगडावर बसून राहिलो. मग पुढे डिस्क. मग डिस्कसाठी रिम. मग रिमसाठी मडगार्ड. हे असं चालू राहतं.

परवानगी घेतली नव्हती. मागच्या वर्षी एका टेम्पोने मागून दिली, विमा कंपनीच्या माणसाने बॉनेट उघडलं, आरसी बघितली, परत बॉनेट बघितलं आणि वही मिटली. एक पैसा नाही.

पण खोटं कशाला बोलू, चालवायला जी मजा येते ती येतेच. फक्त पद्मिनी आणि डिलाईट यात फरक कर भाऊ. पद्मिनी लाखांनी निघाल्या, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तर २०२३ पर्यंत घासल्या. माझी एक कापली तर कुणाचं काही गेलं नाही. घरची, एकाच मालकाची डिलाईट मी नसती कापली.

---

कुर्लेकर

सर्वांना नमस्कार. माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरच्या (आपल्याकडे फियाट बनवणारी कंपनी) कारखान्यात प्रेस शॉपला होते, आमचं बालपण भोंग्यावर गेलं, त्यामुळे दोन शब्द.

पहिल्यांदा ही खरंच डिलाईट आहे का ते बघा. लोक सरसकट सगळ्या जुन्या फियाटना डुक्कर फियाट म्हणतात, डुक्कर म्हणजे पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची मिलेचेंतो (इटालियनमध्ये ११००), तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. डिलाईट १९६४ पासूनची, चौकोनी झालेली, पुढे ७२ ला तिचंच प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि ७४ ला पद्मिनी. त्यामुळे खालचं सामान, म्हणजे किंगपिन, ब्रेक किट, गॅस्केट, वॉटर पंप हे पद्मिनीचं चालतं आणि टॅक्सीच्या कृपेने अजून मिळतं. मुंबईत ऑपेरा हाऊसला जुन्या दुकानदारांकडे विचारा, कुर्ल्याला सीएसटी रोडला फिरा, पुण्यात जुना बाजार. पण पुढची जाळी, मागचे दिवे, पट्ट्या, डॅशबोर्ड, अक्षरं हे डिलाईटचं वेगळं आणि हेच मिळत नाही. वाकलेलं, सोललेलं, तुटलेलं असलं तरी एकही तुकडा फेकू नका. वाकलेली पट्टी सरळ होते, क्रोम परत होतं, नसलेली पट्टी कुठून आणणार.

हौसेने इटलीच्या साइटवरून पिस्टन मागवू नका. त्यांच्या ११०० डी ला बोअर ७२ चा, १२२१ सीसी. आपल्याकडे बॉडी नवी आली पण इंजिन १०८९ चंच राहिलं. आमच्या ओळखीतल्या एकाने पूर्ण सेट मागवला होता, कस्टम ड्युटी भरून, तो आता पेन स्टँड आहे.

अजून एक, पेंटरच्या हातात गाडी द्यायच्या आधी बॉनेटखालचा चासी नंबर शोधून त्यावर पेन्सिलने कागदावर छाप घ्या आणि फोटो काढा. ग्राइंडर फिरवणाऱ्याला ती नुसती गंजकी जागा दिसते. नंबर घासला गेला की वरच्या काकांचे सगळे फॉर्म वाया.

रंगाबद्दल वडिलांच्या बाजूने माझं मत. मॅट ग्रे दोन वर्षांत जुना होतो, फिकट निळा पंचावन्न वर्षं झाली तरी तुम्हाला आठवतोय.

---

मिसळपाव_स्पेशल

चेअरमनना गाडीत बसवून एक राउंड मारा, पुढच्या मीटिंगला पार्किंगचा ठराव पास. (गाडी चालू झाल्यावर. म्हणजे २०३० ला.)

---

डिलाईटचा_नातू

बाप रे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून थँक्यू. गेल्या शनिवारी चिपळूणला जाऊन आलो, स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी, चुंबक, टॉर्च, सगळं सांगितल्याप्रमाणे.

रिपोर्ट असा. ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ गेला, बोट आरपार जातं. डावा उंबरठा स्क्रू-ड्रायव्हरने टोचला तर पापडासारखा, आतून वाळलेला गाळ भसाभसा पडला, त्यात एक बांगडीचा तुकडा आणि एक ज्युनियर केजीचं पासपोर्ट साइज फोटोचं पाकीट होतं, कुणाचं कोण जाणे, पुरात कुठून वाहत आलं असेल. काकूने ते धुवून वाळत ठेवलंय. उजवा उंबरठा बरा आहे. स्प्रिंगचे हँगर टणटणीत, काचेची कड पण, हे लिहिताना हात जोडलेत. डिकीत खड्डा असा उरलाच नाही.

जाळी, मागचे दिवे, सगळ्या पट्ट्या जागेवर. मागच्या सीटमध्ये उंदरांची तिसरी पिढी.

प्लग तीन निघाले, चौथा अर्धा निघाला (म्हणजे तुटला). उरलेल्या तिन्हीत डिझेल-ऑईल सोडलंय, काकांना सांगितलंय हात लावू नका, ते म्हणाले २५ वर्षं लावला नाही आता कशाला लावू.

आता खरा घोळ. आरसी बुक सापडलं, आजीच्या ट्रंकेत, ती माळ्यावर होती म्हणून वाचली. चासी नंबर बुकाशी जुळतो, पेन्सिलचा छाप घेतला. पण इंजिन नंबर जुळत नाहीये! बुकात वेगळा, ब्लॉकवर वेगळा. काकांना विचारलं तर म्हणे "अरे हो, ८७-८८ ला कुंभार्ली घाटात हेड उडालं होतं, दादांनी (म्हणजे आजोबांनी) कराडहून दुसरं फियाटचंच इंजिन आणून बसवलं". कुणालाच नोंद करायचं सुचलं नाही. म्हणजे माझी "ओरिजिनल" गाडी आजोबांनीच कस्टम करून ठेवलीय की काय? विंटेजला चालेल का? घोटाळा निघेल का?

---

फॉर्म_२९_वाले_काका

घोटाळा बिटाळा काही नाही, त्या काळी हे सर्रास व्हायचं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आहे ही तुझी जमेची बाजू, जिप्सीच्या इंजिनासारखं परक्या घरातलं नाही. पण नोंद झाल्याशिवाय पुढे सरकू नको. ट्रंक परत उपस, त्या वेळचं इंजिनाचं बिल, गॅरेजची पावती, चिठ्ठी, काहीही. जुन्या लोकांना कागद फेकायची सवय नव्हती. नाही मिळालं तर ॲफिडेव्हिट करून आरटीओत इन्स्पेक्टरला गाडी दाखवून नंबर बदलून घ्यायचा, आणि हे हस्तांतरणाच्या वेळीच लेखी मांडायचं, नंतर सापडलं असं दिसता कामा नये. एजंट म्हणेल "ब्लॉकवरचा नंबर घासून बुकातला ठोकून देतो, दोन हजारात", त्याला दारात उभा करू नको. तो सरळ गुन्हा आहे आणि ठोकलेला नंबर बघणाऱ्याला लांबूनच कळतो.

---

लेथवाला_उद्यमनगर

तुटलेल्या प्लगला आता हात लावू नको. ॲल्युमिनियमचा आटा हाय, हेड बाहेर काढून माझ्यासारख्याच्या टेबलावर आला की निघतोय, आटा गेला असंल तर इन्सर्ट टाकता येतंय. घरी इझी-आउट (तुटलेला तुकडा उलटा फिरवून काढायचं हत्यार) घालून मोडलंस तर मग ते कडक लोखंड ड्रिलनं पण निघत न्हाई, आणि तू मला फोन करून रडशील.

आणि गाडी चिपळूणवरून पुण्याला कशाला नेतोयस, कुंभार्ली चढून कराड आलं की कोल्हापूर जवळ. फ्लॅटबेडवर टाक, दोरीनं ओढून आणू नको, ब्रेक सगळे जाम असत्यात नाहीतर नसत्यातच.

---

पेणकरीण

एक उंबरठा आणि तळ, म्हणजे तू नशीबवान आहेस हे कळतंय का तुला? तुझा रिपोर्ट वाचून माझं मत, तळाला १८ गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, सीओटू वेल्डिंग (गॅसच्या ज्योतीऐवजी विजेवर चालणारं), गॅस वेल्डिंगवाल्याला तळाला हात लावू देऊ नको, पत्रा तापून लाटा येतात. सँड ब्लास्टिंग फक्त खालून. बॉनेट, टप, दरवाजे यांचा रंग केमिकलने उतरव, तिथे ब्लास्ट मारलं तर पत्रा ताणून ढोलकीसारखा होतो. उघडा पत्रा पावसाळ्यात एक रात्र पण ठेवायचा नाही, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या वर जात असेल तर समज डेंटरने काम केलेलं नाही, पेंटरच्या गळ्यात टाकलंय.

आणि प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या झिप पिशवीत, वर मार्करने लिहून. आत्ता वाटतं लक्षात राहील. नाही राहत.

---

अर्धी_कस्टम

तुला कस्टमची खाज आहे हे मला कळतंय म्हणून मधला रस्ता. जे परत काढता येईल तेवढंच बदल. डायनामोच्या जागी आल्टरनेटर, पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, ५.२०-१४ च्या जागी १४ चेच रेडियल, मूळ भोकांवर बसणारे सीट बेल्ट. मूळ सामान डब्यात भरून माळ्यावर. एसीचा नाद सोड, त्या इंजिनाला स्वतःचा संसार ओढवत नाही.

पेट्रोलचं सगळं रबर नवीन घाल, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत, पंपाचा डायफ्रामसुद्धा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्यात भिजलेल्या पावासारखं होतं, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत ओल धरते. उभी करायच्या आधी कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवून बंद करायची सवय लाव.

---

डिलाईटचा_नातू

अपडेट. मागच्या रविवारी परत गेलो. चाकं बसवली, चौथा गिअर टाकला, मी, काका आणि शेजारचा मुलगा, तिघांनी ढकललं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा काहीच नाही. तिसऱ्यांदा काकांनी शिवी दिली आणि पंखा एक बोटभर फिरला. खरंच फिरला, व्हिडिओ आहे. काका शेडच्या बाहेर जाऊन उगाच नारळाकडे बघत उभे राहिले. सेल्फ मारलेला नाही, मारणार नाही.

वारसांच्या सह्या झाल्या, आत्याने एकच अट घातलीय की पहिल्यांदा चालू झाल्यावर तिला परशुरामला दर्शनाला न्यायचं. ट्रंकेत बिल नाही मिळालं पण आजोबांची डायरी मिळाली, ऑक्टोबर ८७, "फियाट इंजिन, कराड, ४२०० रु. हमाली ६०." इंजिन नंबर शेजारी लिहिलेला आहे, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात, ब्लॉकवरच्याशी जुळतो. फॉर्मवाले काका, ही डायरी ॲफिडेव्हिटला जोडता येईल का?

फ्लॅटबेड ठरलाय, २३ तारखेला कोल्हापूर. रंग फिकट निळा. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

---

फॉर्म_२९_वाले_काका

जोड. त्या पानाची झेरॉक्स नोटरी करून जोड, मूळ डायरी आरटीओत ठेवून येऊ नकोस. आणि हमाली ६० रुपये जास्त दिली तुझ्या आजोबांनी.